रवणीतले शेवटचे पिल्लू उभे राहत नाही; काय करावे?

बालाघाटवासी (तालुका अंबाजोगाई)

आमची गावरान कोंबडी खुडूक बसल्यावर तिच्याखाली ११ अंडी रवणीला, म्हणजे उबवायला, घातली होती. २१व्या दिवशी दुपारपर्यंत सात पिल्ले निघाली आणि कोंबडी त्यांना घेऊन अंगणात उतरली, ती पुन्हा अंड्यांवर बसलीच नाही. उरलेल्या चारांपैकी एका अंड्याला चोचीएवढे भोक पडले होते व आतून बारीक आवाज येत होता. रात्रभर वाट पाहून काल सकाळी मी त्याचे कवच हाताने सोलले, तेव्हा थोडे रक्त आले. पिल्लू जिवंत आहे, पण दोन्ही पाय बाजूंना फाकवून, डोळे मिटून पडून राहते, आणि त्याच्या मागच्या बाजूला काहीतरी वाळून चिकटलेले दिसते. मी त्याला वर्तमानपत्र अंथरलेल्या खोक्यात ठेवले असून वर एलईडी दिवा लावला आहे. ड्रॉपरने दूध पाजून पाहिले, तर ते नाकातून बाहेर आले. आमच्याकडे रात्री गारठा बराच असतो आणि मध्येच दोन-तीन तास वीज जाते. जे पिल्लू स्वतः कवच फोडत नाही ते जगत नाही, असे आईचे म्हणणे आहे. तरीही प्रयत्न करावा असे वाटते. चिकटलेले ते ओढून काढावे का?

परसातल्या कोंबड्या (औसा)

दादा, काहीही ओढून काढू नका आणि त्याच्या तोंडात काहीही घालू नका. आधी त्याला ऊब द्या. एलईडी दिवा उजेड देतो, ऊब देत नाही. त्यासाठी जुन्या पद्धतीचा, तारेचा ६० वॅटचा बल्ब लागतो. तो खोक्याच्या एका कोपऱ्यावर टांगावा आणि दुसरा कोपरा थंड राहू द्यावा, म्हणजे पिल्लाला सरकता आले तर त्याची जागा तेच निवडेल. वीज गेल्यावर गरम पाण्याची बाटली फडक्यात गुंडाळून त्याच्या कुशीला ठेवा आणि पाणी निवाले की बदला. बंद खोलीत निखाऱ्यांची शेगडी मात्र ठेवू नका. मी पहिल्या वर्षी ती चूक केली होती. सकाळी पिल्ले ऊबदार होती, पण धुराने मेलेली होती.

थंड पडलेल्या पिल्लाचे पचन चालत नाही, म्हणून त्याला भरवलेले पोटात तसेच राहते. दूध तर पक्ष्यांना नीट पचतच नाही. अंड्यातून निघताना पिल्लाच्या पोटात बलकाची शिदोरी असते आणि तिच्यावर ते दोन-तीन दिवस काढू शकते, त्यामुळे आजच्या रात्री खाण्याची घाई नाही.

पशुधन पर्यवेक्षक, निवृत्त (परभणी)

वरच्या ताईंचे म्हणणे योग्य आहे. चिकटलेल्या भागाबद्दल थोडे सविस्तर लिहितो, कारण या एका गैरसमजातून पुष्कळ पिल्ले दगावताना मी पाहिली आहेत.

पिल्लाच्या मागच्या बाजूला दोन वेगळ्या जागा असतात. शेपटीच्या लगेच खाली असते ते विष्ठाद्वार, आणि त्याहून पुढे, पोटावर दोन पायांच्या मध्ये असते ती नाभी. अंड्यातील बलक उबवणीच्या शेवटच्या दोन-तीन दिवसांत या नाभीतूनच पोटात ओढला जातो व नंतर ती जागा मिटून तेथे बारीक काळी खपली धरते. आपण कवच सोलले तेव्हा रक्त आले, याचा अर्थ कवचाच्या आतल्या पडद्यातील रक्तवाहिन्या अद्याप सुकलेल्या नव्हत्या, म्हणजेच नाभी पुरती मिटलेली नसण्याची शक्यता आहे. अशा वेळी ती खपली विष्ठा समजून ओढली, तर आतडे बाहेर येऊ शकते किंवा जंतू थेट पोटात जातात. म्हणून पिल्लू उजेडात उलटे धरून आधी जागा ओळखा. खपली नाभीची असेल तर तिला टिंक्चर आयोडीनचा एक थेंब लावून सोडून द्या. शेपटीखाली वाळलेली विष्ठा असेल, तर मात्र ती काढावीच लागते, कारण द्वार बंद राहिले तर पिल्लू एक-दोन दिवसांत मरते. कोमट पाण्यात भिजवलेला कापूस पाच मिनिटे धरून ठेवावा, विष्ठा मऊ पडली की पुसून घ्यावी, पिसे कोरडी करावीत आणि थोडे खोबरेल लावावे. सगळे पिल्लू पाण्यात बुडवू नये. ओले पिल्लू या दिवसांत लगेच गारठते.

पाय फाकण्याचे कारण बहुधा आपले वर्तमानपत्रच आहे. गुळगुळीत कागदावर नवजात पिल्लाचे पाय घसरतात आणि दोन दिवसांत ते तसेच वळतात. जुना टॉवेल अंथरा. गोणपाट नको, त्याचे सुटे धागे नखांत व पायांत गुंततात. दोन्ही पाय शरीराखाली नैसर्गिक अंतरावर येतील अशा बेताने मऊ चिकटपट्टीची इंग्रजी आठच्या आकाराची बेडी घालावी, ती दिवसातून दोनदा तपासावी आणि बोटे सुजली किंवा निळी पडली तर तत्काळ सैल करावी. पहिल्या तीन-चार दिवसांत हे केले तर पाय बहुतेक वेळा सरळ होतात. आठवडा उलटला की आशा कमी होते. बोटे आत मुठीसारखी वळत असतील, तर तो वेगळा विकार आहे, जीवनसत्त्व बी-२ कमी पडल्याचा, आणि त्याला बेडीचा उपयोग नाही.

उबेचा अंदाज हवा असेल तर पहिल्या आठवड्यात पिल्लाच्या पाठीच्या उंचीवर सुमारे ३५ अंश सेल्सिअस ठेवावे आणि पुढे दर आठवड्याला तीन अंश उतरवावेत. तापमापक नसला तरी चालते: बल्बखाली अंग चोरून तीव्र आवाजात ओरडत असेल तर त्याला थंडी वाजते आहे, पंख पसरून, चोच उघडून धापा टाकत असेल तर उष्णता जास्त झाली आहे.

ज्वारीचा मळा (कंधार)

माणसांच्या जंतुनाशक गोळीचा पाव तुकडा पाण्यात विरघळवून दिल्यास फरक पडतो, असा आमच्या गावातील अनुभव आहे. सोबत हळदही द्यावी.

पशुधन पर्यवेक्षक, निवृत्त (परभणी)

क्षमा असावी, पण हा सल्ला मानू नये. गावरान पिल्लाचे वजन जेमतेम ३० ग्रॅम असते. ५०० मिलिग्रॅमच्या गोळीचा पाव भाग म्हणजे १२५ मिलिग्रॅम औषध, आणि ते त्याच्या आकाराला कितीतरी पट जास्त आहे. शिवाय या पिल्लाला जंतुसंसर्ग झाला आहे असे अजून एकही लक्षण सांगत नाही. बाकीच्या सात पिल्लांपैकी दोन-तीन जणांना पांढरी हगवण लागली आणि मरतुक सुरू झाली, तर गोष्ट वेगळी. तो आजार आईकडून अंड्यावाटे येऊ शकतो. मग १९६२ या क्रमांकावर फोन करून फिरते पशुवैद्यकीय पथक बोलवावे, किंवा ताजे मेलेले पिल्लू पिशवीत, बर्फाशेजारी ठेवून त्याच दिवशी परभणी किंवा उदगीरच्या पशुवैद्यकीय महाविद्यालयात तपासणीसाठी न्यावे. हळदीबद्दल माझा आक्षेप नाही, पण आज तिचे काही काम नाही.

बालाघाटवासी

तीन दिवसांनी लिहितो आहे. चिकटलेली ती विष्ठाच होती. नाभीची खपली वेगळी, पोटावर होती. मी दोन्ही एकच समजत होतो. रात्री बल्ब आणि वीज गेल्यावर बाटली असे करत राहिलो. दुसऱ्या दिवशी सकाळी डोळे उघडले, तेव्हा वाटीभर पाण्यात पाव चमचा गूळ विरघळवून त्यात फक्त चोचीचे टोक टेकवले. दोन वेळा मान झटकली, तिसऱ्यांदा स्वतः प्यायले. मग उकडलेल्या अंड्याचा बलक चिमूटभर कुस्करून ठेवला. बेडी कालपासून काढली आहे. डावा पाय किंचित ओढते, पण उभे राहते. आईने आता त्याच्याविषयी बोलणे थांबवले आहे, मात्र बाटलीतले पाणी मध्यरात्री तीच बदलते. दोन शंका आहेत. पुढे फक्त ज्वारीचा भरडा चालेल का, आणि कोंबडीजवळ परत कधी सोडावे?

पशुधन पर्यवेक्षक, निवृत्त (परभणी)

फक्त भरडा पुरणार नाही. ज्वारीत प्रथिने साधारण १० टक्के असतात आणि वाढत्या पिल्लाला त्याच्या दुप्पट लागतात, म्हणून पहिले सहा आठवडे चिक स्टार्टर, म्हणजे लहान पिल्लांचे तयार खाद्य, द्यावे. पावसात भिजून काळी पडलेली ज्वारी तर मुळीच घालू नये. तिच्यातील बुरशीचे विष पिल्लांना लवकर भोवते. गुळाचे पाणी आता बंद करा, ते आंबते व हगवण लावते. राणीखेत या कोंबड्यांच्या रोगाची, ज्याला आपल्याकडे मानमोडी म्हणतात, पहिली लस पाचव्या ते सातव्या दिवशी डोळ्यात थेंब टाकून देतात. आपले हे पिल्लू अजून अशक्त आहे, त्याला ती काही दिवस उशिरा द्यावी. बाकीच्या सातांना वेळेवर द्यावी. लसीच्या एका कुपीत १०० किंवा त्याहून अधिक मात्रा असतात आणि कालवल्यावर ती तास-दीड तासात संपवावी लागते, तेव्हा शेजारच्या चार-पाच घरांनी एकच दिवस ठरवावा, हे बरे.

परसातल्या कोंबड्या (औसा)

परत सोडण्याबद्दल मी सांगते. त्याला आधी एकटे ठेवू नका. सातांपैकी एखादे शांत पिल्लू दिवसभर त्याच्याबरोबर खोक्यात राहू द्या, म्हणजे ते टोचून खायलाही शिकेल. ते आपल्या पायांनी पळू लागले, की रात्री अंधारात, कोंबडी पिल्ले पंखाखाली घेऊन बसलेली असताना, दोघांनाही मागच्या बाजूने हळूच आत सरकवा. दिवसा सोडू नका, ती अनोळखी समजून टोचते. आणि दुसऱ्या दिवशी झुंजूमुंजू व्हायच्या आत उठून खुराड्याजवळ बसा, कारण तिला ते नको असेल तर पहिल्या उजेडातच कळते आणि तेवढ्यात उचलून घेता येते.