केंब्रिजहून एका दिवसाची निवांत सहल: कुठे जाऊ?

ऋजुता
नमस्कार मंडळी. उन्हाळी अभ्यासक्रमासाठी जुलैभर केंब्रिजमध्ये आहे. सोमवार ते शुक्रवार वर्ग आणि वाचनालय, त्यामुळे शनिवार तेवढा मोकळा. वर्गातले बरेच जण दर शनिवारी लंडन गाठतात आणि रात्री दमून परततात. मला तसं नकोय. एकटीच जाणार आहे, चित्रांची वही बरोबर असेल. एका जागी तासभर बसले तरी काही राहून गेलं असं वाटू नये. खर्च विद्यार्थ्याला झेपेल इतका. ऑक्सफर्ड मनात आहे. जाणकारांनी सुचवावं.

पायवाट
ऑक्सफर्ड नको. केंब्रिजहून थेट रेल्वे नाही, लंडनला जाऊन गाडी बदलावी लागते. दिवसाचा मोठा भाग प्रवासातच जाईल. त्यापेक्षा ग्रँचेस्टरला चालत जा. कॅम नदीच्या काठाने कुरणांमधून तीनेक किलोमीटरची सपाट वाट आहे. तिथे फळझाडांखाली खुर्च्या मांडलेली चहाची बाग आहे, १८९७ पासूनची. चित्रं काढायला उत्तम.

माधवी
ग्रँचेस्टर सुंदरच आहे, पण ते वर्ग सुटल्यावर संध्याकाळीही होतं. जुलैत नऊपर्यंत उजेड असतो. शनिवार इलीला दे, ऋजुता. रेल्वेने जेमतेम पाव तास. आम्ही केंब्रिजला होतो तेव्हा पाहुणे आले की आधी तिथेच न्यायचो.

गाव अगदी छोटं, पण त्यातलं कॅथेड्रल प्रचंड. हा सगळा प्रदेश पूर्वी दलदलीचा होता आणि इली म्हणजे त्यातलं बेट. सतराव्या शतकात डच अभियंता व्हर्मायडेनच्या देखरेखीखाली कालवे खोदून पाण्याचा निचरा केला, तेव्हा कुठे भोवती शेतं आली. जमीन इतकी सपाट की गाडीतून कॅथेड्रल फार लांबून दिसायला लागतं.

आत गेल्यावर घाई करू नकोस. १३२२ साली मधला मनोरा कोसळला. तो पुन्हा तसाच उभारण्याऐवजी त्यांनी तिथे अष्टकोन बांधला आणि वर ओकच्या लाकडाचा कंदील, म्हणजे उजेड आत सोडणारा खिडक्यांचा मनोरा, चढवला. त्यासाठी जवळजवळ १९ मीटर लांबीचे आठ खांब लागले, म्हणजे एवढे ओक आधी शोधायचे आणि मग चिखलातून आणायचे! खाली बाकावर बसून वर बघत राहा. ऊन सरकतं तसा आतला रंग बदलतो, वहीची पानं भरतील. मग लेडी चॅपलमध्ये, म्हणजे मेरीमातेच्या प्रार्थनागृहात जा. तिथल्या छोट्या मूर्तींची डोकी सोळाव्या शतकातल्या धर्मसुधारणेच्या काळात, मूर्तिपूजेला विरोध म्हणून, फोडलेली आहेत. भिंतींवर अजून ते घाव दिसतात, मला दर वेळी तिथे थांबावंसं वाटतं.

तिकीट आहे, पण पैसे वसूल होतात. जमलं तर अष्टकोनावर नेणारी मार्गदर्शित फेरी घे. वर देवदूतांची चित्रं असलेल्या फळ्या उघडून खाली बघता येतं. गुडघे धड हवेत, पायऱ्या बऱ्याच आहेत.

निनाद७
माधवीताईंना +१. शनिवारी बाजार भरतो, तिथूनच खायला घे. मग चेरी हिल पार्कच्या उतारावर बस, समोर कुरण आणि मागे कॅथेड्रल. तिथून नदी दहा मिनिटांवर. ग्रेट ऊझच्या काठी बोटी बांधलेल्या असतात. सतराव्या शतकात राजाविरुद्ध लढलेल्या ऑलिव्हर क्रॉमवेलचं घरही आहे, पण वेळ उरला तरच.

पायवाट
इली मान्य! चालायची हौस असेल तर केंब्रिज ते इली नदीकाठची पायवाटही आहे, सुमारे २७ किलोमीटर.

माधवी
निवांत दिवसासाठी २७ फार होतात. वाटेत सावलीही कमी. इलीत पोचल्यावर नदीकाठाने हवं तितकं चालावं आणि परत फिरावं.

निनाद७
तिकिटाचं राहिलं. वय १६ ते २५ असेल तर रेलकार्ड घे, भाड्यात एक तृतीयांश सवलत मिळते. कार्डाला वर्षाची फी पडते. फक्त इलीसाठी ती परवडणार नाही, पण विमानतळ आणि एखादी लंडन फेरी धरली तर बघ हिशोब करून.

ऋजुता
सगळ्यांचे मनापासून आभार. इली पक्कं! माधवीताई, दुपारनंतर कॅथेड्रल बंद होतं का? संध्याकाळी तिथे गायन असतं असं वर्गात ऐकलं.

माधवी
हो, ईव्हनसाँग. ती प्रार्थना असते, तिला तिकीट लागत नाही आणि कुठल्याही धर्माचं माणूस जाऊन बसू शकतं. साधारण साडेपाचला असते, तरी त्या दिवसाची वेळ संकेतस्थळावर बघ. सुट्ट्यांमध्ये तिथले गायक नसतात, बाहेरगावचे गायकवृंद येतात, तेही छान गातात. तेव्हा कॅथेड्रल सकाळी बघ, दुपार नदीवर काढ आणि पाचच्या सुमारास परत वर चढ. चित्रं मात्र सकाळीच काढून घे, प्रार्थनेच्या वेळी वही बंद ठेवावी लागेल. गाड्या रात्री उशिरापर्यंत आहेत, आणि पातळ रेनकोट पिशवीत टाकच.