टू-स्ट्रोक आणि फोर-स्ट्रोक: सीसी सारखे असूनही ताकदीत फरक का?

प्रश्न – राजारामपुरीकर
वडिलांची जुनी टू-स्ट्रोक चेतक अजून घरी चालू स्थितीत आहे आणि मी स्वतः १०० सीसीची फोर-स्ट्रोक मोटारसायकल वापरतो. मित्राकडे यामाहाची टू-स्ट्रोक आरएक्स १०० आहे. पन्हाळ्याच्या चढाला ती माझ्या गाडीला सहज मागे टाकते, वास्तविक दोन्हींचे सीसी जवळपास सारखेच आहेत. टू-स्ट्रोकमध्ये क्रँकच्या (पिस्टनच्या वर-खाली धावेने फिरणाऱ्या दांड्याच्या) प्रत्येक फेरीला ठिणगी पडते, इतके मला ठाऊक आहे. मग ताकद दुप्पट का मिळत नाही, पेट्रोलमध्ये ऑईल का मिसळावे लागते आणि एवढी चपळ इंजिने बाजारातून का गेली, हे जाणकारांनी कृपया सांगावे.

उत्तर – यंत्रशाळा
फोर-स्ट्रोकमध्ये मिश्रण आत घेणे, दाबणे, जाळणे आणि धूर बाहेर टाकणे या चार कामांना पिस्टनच्या चार धावा, म्हणजे क्रँकशाफ्टच्या दोन फेऱ्या लागतात. टू-स्ट्रोकमध्ये पिस्टन वर जाताना डोक्यावरचे मिश्रण दाबतो आणि त्याच वेळी खाली क्रँककेसमध्ये (क्रँक फिरतो त्या बंद पेटीत) नवे मिश्रण ओढून घेतो. खाली येताना तो आधी एक्झॉस्ट पोर्ट (धूर बाहेर जाण्याचे छिद्र) उघडतो, मग ट्रान्सफर पोर्ट (क्रँककेसमधून मिश्रण वर येण्याचे छिद्र), आणि क्रँककेसमध्ये दाबले गेलेले ताजे मिश्रण वर घुसून जळका वायू बाहेर ढकलते. व्हॉल्व्ह, कॅम, टायमिंग चेन यांपैकी काहीही लागत नाही, म्हणून इंजिन हलके आणि दुरुस्तीला सोपे असते.

दुप्पट ताकदीचा हिशोब चुकतो तो इथेच. दोन्ही पोर्ट काही काळ एकदम उघडे राहत असल्याने थोडे ताजे मिश्रण न जळताच सायलेन्सरमध्ये निघून जाते आणि थोडा जळका वायू आतच राहतो. शिवाय पोर्ट सिलिंडरच्या भिंतीतच असल्यामुळे पिस्टनची पूर्ण धाव कामी येत नाही. आरएक्स १०० चे ९८ सीसीचे इंजिन सुमारे ११ अश्वशक्ती देत असे, तर त्याच काळातल्या हिरो होंडाच्या फोर-स्ट्रोक सीडी १०० ची ताकद साडेसातच्या आसपास होती. म्हणजे साधारण दीडपट.

उत्तर – उद्यमनगर वर्कशॉप
ऑईलविषयी लिहितो. क्रँककेसमधूनच मिश्रण जात असल्याने तिथे फोर-स्ट्रोकसारखे ऑईल भरून ठेवता येत नाही. त्यामुळे बेअरिंग, पिस्टन आणि रिंगांना वंगण मिळते ते पेट्रोलबरोबर येणाऱ्या ऑईलचेच, आणि ते शेवटी जळून जाते. निळसर धूर त्याचाच. चेतकसारख्या स्कूटरला लिटरभर पेट्रोलला २० मिलिलिटर टू-टी (टू-स्ट्रोकसाठीचे) ऑईल हे नेहमीचे प्रमाण आहे.

आपण पन्हाळ्याला जाता म्हणून एक गोष्ट मुद्दाम सांगतो, कारण ती फारशी कोणी सांगत नाही. लांब उतारावर गिअरमध्ये गाडी ठेवून अॅक्सिलरेटर पूर्ण बंद केला, तर इंजिन जोरात फिरत राहते पण पेट्रोल जवळजवळ येत नाही आणि त्याबरोबर ऑईलही येत नाही. पिस्टन सिलिंडरमध्ये धरतो, म्हणजे जाम होतो, तो अनेकदा अशाच वेळी. अधूनमधून क्लच दाबून थोडा अॅक्सिलरेटर द्यावा. फोर-स्ट्रोकला ही काळजी नाही, तिचे ऑईल वेगळे असते. मात्र त्याची पातळी तपासायची आणि ते वेळेवर बदलायचे, हे काम तिथे वाढते.

उत्तर – दर्यावर्दी
टू-स्ट्रोक संपले असे म्हणणे मला पटत नाही. मोठ्या मालवाहू जहाजांची मुख्य इंजिने आजही बहुतांशी टू-स्ट्रोक डिझेलच असतात आणि इंधनाच्या बाबतीत ती अतिशय काटकसरी आहेत. तिथे सिलिंडर धुऊन काढायला केवळ हवा आत येते आणि डिझेल पोर्ट बंद झाल्यावर फवारले जाते, त्यामुळे कच्चे इंधन वाया जाण्याचा प्रश्नच उद्भवत नाही. दुचाकींवर संक्रांत आली ती कार्ब्युरेटरने आधीच मिसळलेले पेट्रोल बाहेर निसटत असल्यामुळे. १९९६ आणि २००० साली प्रदूषणाचे नियम कडक झाल्यावर न जळलेले हायड्रोकार्बन मर्यादेत ठेवणे या स्वस्त रचनेला जड गेले, आणि अॅव्हरेज पाहणारा ग्राहक तर त्याआधीच फोर-स्ट्रोककडे वळू लागला होता.

राजारामपुरीकर
सर्वांचे आभार. मग खबरदारी म्हणून चेतकमध्ये ऑईल थोडे जास्त घातले तर चालेल का?

उद्यमनगर वर्कशॉप
घालू नये. जादा ऑईलने प्लग काळा होतो, एक्झॉस्ट पोर्ट आणि सायलेन्सरमध्ये कार्बन साचून गाडी दबते. शिवाय कार्ब्युरेटरच्या जेटमधून (इंधनाच्या बारीक छिद्रातून) येणाऱ्या इंधनात ऑईलचा वाटा वाढला की पेट्रोलचा तेवढाच घटतो आणि इंजिन उलट जास्त तापते. माप असलेली बाटली वापरावी, आणि गाडी बरेच दिवस उभी असेल तर किक मारण्यापूर्वी ती थोडी हलवून टाकीतले मिश्रण एकजीव करून घ्यावे.