सोहराला मुक्काम केलात का? मेघालयातल्या पावसाचे अनुभव

शाळेत असताना "जगात सर्वांत जास्त पाऊस कुठे पडतो?" या प्रश्नाला मी चेरापुंजी लिहिलं, माझ्यानंतर सहा वर्षांनी धाकट्या भावाने मौसिनराम लिहिलं, आणि दोघांनाही पूर्ण मार्क मिळाले. ही दोन्ही गावं खासी टेकड्यांच्या दक्षिण कडेवर आहेत. मध्ये दऱ्या आहेत, पण सरळ रेषेत अंतर फार नाही. चेरापुंजीला तिथली माणसं चेरापुंजी म्हणतही नाहीत, ती म्हणतात 'सोहरा'. इंग्रजांच्या तोंडी त्याचं 'चेरा' झालं आणि तेच आपल्या पुस्तकात उतरलं.

यंदा ओळखीतले बरेच जण मेघालयला निघालेत आणि सगळ्यांचा बेत सारखाच आहे: शिलाँगला हॉटेल, सकाळी गाडी करून सोहरा, चार धबधबे, एक गुहा, संध्याकाळी परत. शिलाँगहून सोहरा पंचावन्न किलोमीटरच्या आसपास, त्यामुळे कागदावर हे सहज जमतं. मी जुलैमध्ये पहिल्यांदा असंच गेले होते आणि सगळीकडे फक्त पांढरा पडदा पाहून परत आले. ज्यांनी बुकिंग करून दिलं होतं, त्यांनी "धुकं आहे, आम्ही काय करणार" एवढंच सांगितलं. दोन वर्षांनी पुन्हा जुलैतच गेले आणि सोहरालाच तीन रात्री राहिले. तो प्रवास आधी लिहिते, मग तुम्ही आपापले अनुभव लिहा. पावसात गेलेले, उन्हाळ्यात गेलेले, नोकरीनिमित्त राहिलेले, सगळ्यांनी लिहा. माझ्याशी सहमत नसाल तर जरूर.

दुसऱ्या खेपेलाही नोहकालिकाई धबधब्यावर पहिल्या संध्याकाळी काहीच दिसलं नाही. फक्त आवाज होता, लांबून मालगाडी जातच राहावी तसा. दुसऱ्या दिवशी सकाळी सातला पुन्हा जाऊन बसले. कठड्याजवळच्या टपरीत एक काँग (खासीत मोठ्या बाईला आदराने काँग म्हणतात, आपल्या 'ताई'सारखं) चुलीवर चहा करत होत्या. खांद्यावर गाठ मारलेलं चौकड्यांचं वस्त्र, हात सतत कामात. तिसऱ्या चहाला त्यांनी मोडक्यातोडक्या हिंदीत का लिकाईची गोष्ट सांगितली. विधवा बाई, पोटासाठी राबणारी. दुसऱ्या नवऱ्याला तिचं आपल्या लेकीवरचं प्रेम खुपलं, त्याने पोरीला मारून शिजवलं. दमून आलेल्या आईने ताट संपवलं आणि मग सुपारी खायला टोपली पुढे ओढली, तर तिच्यात बोटं. त्या कड्यावरून तिने उडी घेतली, म्हणून नोह-का-लिकाई, लिकाईची उडी. 'टोपली' म्हणताना काँगनी स्वतःची सुपारीची टोपली नकळत पदराखाली घेतली.

दहाच्या सुमारास वारा फिरला. आधी खालचं हिरवं-निळं डोह दिसलं, मग वरची कड, आणि मग मधला सगळा पाण्याचा खांब, सुमारे ३४० मीटर, एका उडीत. सहा-सात मिनिटं. पुन्हा पडदा. त्या सात मिनिटांसाठी तीन तास बसले होते आणि पुन्हा बसेन.

मुक्काम का, याचं दुसरंही कारण आहे. बंगालच्या उपसागरावरून येणारे ढग बांगलादेशाच्या सपाटीवरून अडथळ्याविना येतात आणि एकदम हजार-बाराशे मीटरच्या भिंतीवर आदळतात. पण सोहराचा बराचसा पाऊस रात्री आणि पहाटे पडतो. जो दहा वाजता शिलाँगहून येतो आणि चारला परत फिरतो, त्याला मुळात तो पाऊस भेटतच नाही.

डोंबिवलीहून

मी अठ्ठावन्न वर्षांची, उजवा गुडघा दुखरा. मुलगी म्हणत होती, आई तू वर थांब. मी खाली दरीतल्या नोंग्रियात गावी गेले, तिथला दुमजली पूल बघायला.

तिर्ना गावातून पायऱ्या सुरू होतात. तीन हजारांच्या वर आहेत, मोजायच्या फंदात पडू नका. उतरताना गुडघा, चढताना दम, हे धरूनच चला. वाटेत तारांचे झुलते पूल आहेत, खाली दगडांतून फेसाळतं पाणी. एका वेळी थोडीच माणसं चढा. पायऱ्यांवर शेवाळ असतं. गावातली पोरं रबरी चपलांवर धावत उतरत होती, मी मात्र बांबूची काठी घेऊन एकेक पायरी दोन पायांनी उतरले.

दुमजली पूल फोटोत सगळ्यांनी पाहिलाय. जवळून पाहिला तेव्हा कळलं, तो पूल नाही, झाड आहे. रबराच्या वडाची मुळं पोखरलेल्या सुपारीच्या खोडांतून पलीकडच्या काठाकडे वळवतात आणि ती तिथे जाऊन मातीत रुजतात. माणसाचा भार पेलायला पंधरा वर्षं आणि पुढेही. कठड्याच्या जागी एक बोटाएवढं कोवळं, लालसर टोकाचं मूळ होतं. कुणीतरी ते जुन्या जाड मुळाभोवती दोन वेढे देऊन खोचून ठेवलं होतं. तशी आठ-दहा ठिकाणी दिसली. म्हणजे येता-जाता कुणीतरी रोज हे करतंय. आपण वेणी घालताना सुटलेली बट आत घेतो, अगदी तसं.

त्याच दिवशी वर चढायचा अट्टहास करू नका. मी गावातच एका घरी राहिले. रात्री वरण, भात, बटाटा आणि ओढ्याचा आवाज. सकाळी पायाच्या पोटऱ्या दगड झाल्या होत्या, पण चढले. सव्वाचार तास लागले.

साताऱ्याहून

मी थोडं वेगळं सांगतो. मी फेब्रुवारीत गेलो होतो. नोहकालिकाईला तेव्हा कड्यावरून सुताएवढी धार होती. पण मला जन्मभर लक्षात राहील ते धबधब्याचं नाही. सोहराच्या रस्त्याकडेला एका नळाजवळ बाया आणि पोरं प्लॅस्टिकचे कॅन ओळीने लावून बसली होती. ऑगस्ट १८६० ते जुलै १८६१ या बारा महिन्यांत जिथे २६,४६१ मिलिमीटर पाऊस झाला, जो आजही जागतिक विक्रम आहे, तिथे पाण्याला रांग.

आमच्या एकाच जिल्ह्यात महाबळेश्वरही आहे आणि माणही, त्यामुळे मला दुष्काळ नवा नाही. पण इथे दोन्ही एकाच गावात, फक्त सहा महिन्यांच्या अंतराने. कारण डोळ्यांना दिसतं: पठारावर झाडं नाहीत, गवत आणि उघडा खडक. मातीचा थर धुऊन गेलाय. पडलेलं पाणी थांबायला जागाच नाही, ते तडक खाली बांगलादेशातल्या सिल्हेटच्या मैदानात. पाणलोटाचं काम मी अकरा वर्षं केलंय. त्या उतारावर उभं राहून हात नुसते शिवशिवत होते.

आणि ताई, फेब्रुवारीचा एक मोठा फायदा लिहायला हवा. गुहा तेव्हाच नीट बघता येतात. पावसाळ्यात बहुतेक गुहांमध्ये पाणी शिरतं. डावकीची उमंगोट नदीही हिवाळ्यातच काचेसारखी असते, पावसात गढूळ. तेव्हा पाऊस हवा की गुहा, हे आधी ठरवा.

कोल्हापूरहून

गुहांचा विषय निघाला म्हणून लिहिते. मी कॉलेजात भूगर्भशास्त्र शिकवते.

आपल्याकडे गुहा म्हटलं की छिन्नी आली, माणूस आला. कार्ले, भाजे, वेरूळ, सगळी लेणी बेसॉल्टमध्ये हातांनी कोरलेली. सह्याद्रीच्या कातळाला पाणी असं विरघळवत नाही. खासी आणि जैंतिया टेकड्यांत चुनखडक आहे आणि तिथे छिन्नीचं काम पाणीच करतं. खासीत गुहेला 'क्रेम' म्हणतात, पाट्यांवर हा शब्द सारखा भेटतो.

मौस्माई सगळे बघतात, आत दिवे आहेत, दीडशे मीटरची वाट. एका जागी आडवं होऊन सरकावं लागतं. तिथे गर्दीत ढकलाढकली होते, म्हणून सकाळी लवकर जा. आरवाहमध्ये भिंतीत जीवाश्म आहेत, शंखांच्या आकाराचे. हात लावू नका, नुसता टॉर्च तिरका धरा, सावलीने आकार उठून दिसतो.

मी मात्र गेले होते मावम्लूहसाठी. या गुहेतल्या एका चुन्याच्या स्तंभाच्या थरांत, आजपासून सुमारे ४,२०० वर्षांपूर्वी पावसाळा मोठ्या काळासाठी कमकुवत झाल्याची खूण सापडली. त्यावरून २०१८ मध्ये पृथ्वीच्या इतिहासाच्या सर्वांत अलीकडच्या कालखंडाला 'मेघालयन' हे नाव अधिकृतपणे मिळालं. म्हणजे हे वाचताना तुम्ही जिथे कुठे असाल, कोल्हापुरात वा कॅलिफोर्नियात, मेघालयन काळातच आहात. दरवर्षी मी हे फळ्यावर लिहिते आणि दरवर्षी माझ्या अंगावर काटा येतो. सर्वांत जास्त पावसाच्या मुलखाने जगाला सांगितलं की पाऊस आटू शकतो.

आत जाता आलं नाही. आदल्या रात्री पाऊस झाला होता, वाटाड्या दादाने तोंडाशीच थांबवलं, आत छातीएवढं पाणी असेल म्हणाला. मी वाद घातला नाही, तुम्हीही घालू नका. अर्धा तास तोंडाशी उभी राहिले. छतावरच्या एका बारीक टोकावरून थेंब पडत होते, मी तळहात धरला. घड्याळ लावून पाहिलं, बावीस सेकंदांना एक.

मौसिनरामच्या बाजूला क्रेम पुरी आहे, साडेचोवीस किलोमीटर लांबीची, आणि ती चुनखडकात नाही तर वालुकाश्मात. त्या प्रकारात जगात सर्वांत लांब. विद्यार्थ्यांना घेऊन जायचं स्वप्न आहे.

नागपूरहून

थोडक्यात लिहितो, शाकाहारींसाठी. खासी जेवणात डुकराचं मांस मुख्य. 'दोह' म्हणजे मांस, एवढा शब्द पाठ करा आणि नको म्हणून सांगा. भात, वरण, बटाट्याची भाजी, चटणी बहुतेक ठिकाणी मिळते. आमच्या आईचे चार दिवस नीट गेले. रविवारी बहुतेक दुकानं बंद, लोक चर्चमध्ये. रोख पैसे शिलाँगलाच काढून ठेवा. अंधार आपल्यापेक्षा खूप लवकर पडतो, डिसेंबरात पाचच्या आत.

पुण्याहून, मूळ सावंतवाडीजवळचा

मी १९८४ ते ८७ शिलाँगला नोकरीत होतो. वरचे अनुभव वाचून राहवलं नाही.

जूनमध्ये एकदा मौसिनरामच्या वाटेवर जीप थांबली होती. समोरच्या उतारावर बायका वाकून काम करत होत्या, पाऊस आडवा-उभा, आणि प्रत्येकीच्या पाठीवर एकेक मोठं कासवाच्या पाठीसारखं कवच. डोक्यापासून कमरेच्या खालपर्यंत. बांबूच्या कामट्यांत पानं दाबून विणलेलं. नाव विचारलं तर म्हणाले 'क्नुप'. मी म्हटलं, हे तर इरलं!

आमच्या आईचं इरलं पडवीत खुंटीला असायचं. लावणीला निघताना ती ते डोक्यावर घ्यायची आणि दोन्ही हात मोकळे. छत्रीने शेतकाम होत नाही, हे कोकणालाही कळलं आणि दोन हजारांहून जास्त किलोमीटरवर खासी बायकांनाही, एकमेकांचं तोंड न बघता. मी खाली उतरलो. एका म्हातारीने क्नुप काढून माझ्या डोक्यावर ठेवलं. आत ओल्या पानांचा आणि धुराचा वास होता. पाऊस वरून तडतडत होता, माझ्या अंगावर थेंब नाही. आई जाऊन तेव्हा वर्ष झालं होतं. मी बराच वेळ तसाच उभा होतो, म्हातारीही घाई न करता भिजत उभी होती.

मग तिने 'क्वाई' दिली: ओली सुपारी, पान, चुना. आम्ही सुपारीच्या मुलखातले, म्हणून बेधडक तोंडात टाकली. पाचव्या मिनिटाला कान तापले, त्या थंडीत कपाळाला घाम आला. तिथे पाहुण्याला आधी क्वाई, मग बोलणं. कुणी दिली तर छोटा तुकडा घ्या, पण नाही म्हणू नका. आणि निघताना 'खुब्लेइ' म्हणा. आभारही तोच शब्द, आशीर्वादही तोच.

मावफ्लांगचं जंगल कुणी लिहिलं नाही. ती देवराई आहे, आपल्यासारखीच. तिथून पानसुद्धा बाहेर न्यायचं नाही. आम्ही गावच्या राईत जे पाळायचो तेच.

पनवेलहून

धागा उघडला तेव्हाच ठरवलं होतं लिहायचं. आम्ही गेल्या जूनमध्ये बाबांना घेऊन गेलो. बाबा निवृत्त, रेल्वेत होते, फार बोलत नाहीत. दोन दिवस सोहराला खोलीत बसून होतो, धुकं हटेना. गाडीवाले बाह (खासीत पुरुषाला आदराने बाह म्हणतात) म्हणाले, उद्या पहाटे बघा.

त्या रात्री पाऊस आला. पत्र्याचं छप्पर होतं. आम्ही एकमेकांशी ओरडून बोलत होतो, मग बोलणं सोडलं. मला भीती वाटली. १७ जून २०२२ ला मौसिनरामला चोवीस तासांत १००३.६ मिलिमीटर पडला होता हे मी वाचलं होतं, एक मीटर पाणी. त्या आवाजात तो आकडा मला पहिल्यांदा कळला. बाबा मात्र खाटेवर उठून बसले होते, अंधारात, कान देऊन.

साडेचारला उजाडलं आणि एकदम थांबला. बाबांनीच दार उघडलं. समोरच्या कड्यावर धबधबे होते. आदल्या दिवशी तिथे धुकं होतं, आणि धुक्यामागे बहुधा नुसता कडा. खाली, खूप खाली, बांगलादेशाचं मैदान पाण्याने भरून चकाकत होतं, जमीन कुठे आणि पाणी कुठे ते कळत नव्हतं. बाबा बोट धरून मोजायला लागले. एक, दोन, तीन. मी चहा आणायला आत गेले नाही. सतराव्यावर होते तेव्हा दरीतून ढग वर आला. त्यांनी बोट तसंच हवेत धरून ठेवलं आणि म्हणाले, "थांब, अजून आहेत."