एकाच वर्गातून पास झाले, मग नेपाळी मुलांना टीआर एक वर्ष कमी का?

सिडनीवासी_सातारकर:
आमच्या टीममध्ये दोन नवी पोरं आली आहेत. एक नागपूरचा, दुसरी नेपाळमधल्या चितवनची. विद्यापीठ एक, आयटीतली मास्टर्स एक, फी सारखीच. दोघांनीही शिक्षण संपल्यावर ऑस्ट्रेलियात तात्पुरतं राहून काम करण्याचा ४८५ व्हिसा काढला, ज्याला इथे सगळे टीआर म्हणतात. नागपूरकराला ३ वर्षं मिळाली, तिला २.

कारण भारत-ऑस्ट्रेलिया व्यापार करार. २९ डिसेंबर २०२२ पासून तो लागू झाला आणि त्यात भारतीय पदवीधरांना किती वर्षं राहू द्यायचं हे लिहून घेतलेलं आहे. १ जुलै २०२४ ला ऑस्ट्रेलियाने सगळ्यांचाच टीआर कापला तेव्हा आपण त्या कलमामुळे बऱ्यापैकी वाचलो. नेपाळकडे असं कलम नाही. चीन आणि भारताखालोखाल इथे सर्वात जास्त परदेशी विद्यार्थी नेपाळचे आहेत, तरीही.

माझं म्हणणं सरळ आहे. शिकून झाल्यावर कामाचा अनुभव मिळावा म्हणून हा व्हिसा आहे ना? मग अनुभवाला लागणारा वेळ पासपोर्ट बघून कमी-जास्त होतो का?

रोखठोक_रत्नागिरी:
साहेब, व्हिसा हा कुणाचा हक्क नसतो, तो सौदा असतो. भारताने ते वर्ष फुकट मिळवलेलं नाही. ऑस्ट्रेलियाचा कोळसा, लोकर, मेंढीचं मटण यांवरचं आयात शुल्क आपण सोडलं, त्या बदल्यात जे मागितलं त्यात हे एक होतं. हाँगकाँगच्या पासपोर्टवाल्यांना तर ५ वर्षं मिळतात, तिथे राजकारण वेगळं. प्रत्येक देश आपापल्या ताकदीवर घेतो. नेपाळ सरकारने जाऊन बोलणी करावीत, त्यांना कोणी अडवलंय?

सिडनीवासी_सातारकर:
बोलणी करायला हातात काहीतरी लागतं. नेपाळने कोळशाची बाजारपेठ देऊ करायची का? त्यांच्याकडून ऑस्ट्रेलियाला मिळते ती फी, आणि ती भारतीयाइतकीच मिळते. विद्यापीठाच्या खिडकीवर कोणी नेपाळी म्हणून सूट देत नाही.

आणि आयटीवाल्याला ते तिसरं वर्ष कशाला लागतं ते सांगतो, कारण बाहेरून बघणाऱ्याला वाटतं दोन वर्षं पुष्कळ झाली. पीआरच्या, म्हणजे कायमच्या वास्तव्याच्या, गुणांसाठी आधी कौशल्य-मूल्यांकन करून घ्यावं लागतं. त्यासाठी पदवीनंतर एक वर्षाचं त्याच क्षेत्रातलं काम दाखवायचं, नाहीतर प्रोफेशनल इयर नावाचा जवळजवळ वर्षभराचा कोर्स पैसे भरून करायचा. म्हणजे पहिलं वर्ष नोकरी शोधण्यात आणि या कोर्सात गेलं. उरलं एक. त्यात इंग्रजीची परीक्षा, कुणी नेपाळी भाषेची परीक्षा देऊन ५ गुण वाढवतं, मग पीआरला अर्ज करायच्या सरकारी निमंत्रणाची वाट. कंपनीची एचआर व्हिसाची शेवटची तारीख बघते आणि गोड बोलून फाइल बाजूला ठेवते. नागपूरकराला या सगळ्यात श्वास घ्यायला जागा आहे, तिला नाही.

मेलबर्नची_सिस्टर:
आयटीचं पटलं, नर्सिंगचं वेगळं आहे. आमच्या वॉर्डात नेपाळी मुली भरपूर आहेत आणि कामाला वाघ आहेत. नोंदणी झालेल्या नर्सला हॉस्पिटल किंवा राज्य सरकार स्पॉन्सर करतं, तिला तिसऱ्या वर्षाची तितकी गरज पडत नाही. आमच्याकडे घाव बसला तो वयाच्या अटीचा. आधी ५० पर्यंत टीआर मिळायचा, जुलै २०२४ पासून ३५. संशोधनाची मास्टर्स आणि पीएच.डी. वाल्यांना तेवढी सवलत आहे. लग्न, मूल, सगळं आटोपून तिशीनंतर नर्सिंगला आलेली बाई निम्म्या वाटेवर असताना नियम बदलला. ही अट भारतीयांना नाही असं कुणी समजू नका, आम्हालाही तीच आहे.

उगाच_कशाला:
मी उलट बोलणार आहे, शिव्या घाला. टीआर लांबवणं म्हणजे मुलांचं भलं करणं नाही. २०२३ मध्ये मार्टिन पार्किन्सन यांच्या समितीने इथली स्थलांतर व्यवस्था तपासली. 'कायमचे तात्पुरते' राहणारे लोक तयार होताहेत, हीच त्यांची मोठी तक्रार होती. मधल्या काळात काही निवडक विषयांच्या मास्टर्सला ५ वर्षं देत होते. झालं काय? पाच वर्षं डिलिव्हरी, गोदाम, वृद्धाश्रमात रात्रपाळी, आणि शेवटी पीआर नाहीच. पंचविशीत परत गेलेला माणूस काठमांडूत नव्याने उभा राहतो, चौतिसाव्या वर्षी परत गेलेल्याने काय करायचं? दोन वर्षांत होतंय की नाही ते कळतं. नाही झालं तर निघा. क्रूर वाटेल, पण लटकत ठेवण्यापेक्षा बरं.

मेलबर्नची_सिस्टर:
निघा म्हणणं सोपं आहे हो. कर्ज फिटलेलं असतं का दोन वर्षांत?

पशुपती_ते_पुणे:
नोकरीनिमित्त काही वर्षं काठमांडूत काढली आहेत म्हणून लिहितो. पुतलीसडक, बागबजार भागात फिरा, इमारतीच्या इमारती परदेशी शिक्षणाच्या कन्सल्टन्सींच्या पाट्यांनी भरलेल्या. कॉलेजकडून कमिशन मिळतं, त्यामुळे कोर्स कुठला यापेक्षा 'त्यानंतर किती वर्षं' हेच आधी विकलं जातं. परदेशात फी पाठवायला शिक्षण मंत्रालयाचं ना-हरकत पत्र लागतं. अशी पत्रं अलीकडे वर्षाला लाखावर जातात, आणि नेपाळची लोकसंख्या जेमतेम तीन कोटी.

कर्जाबद्दल एक गोष्ट इथल्यांच्या लक्षात येत नाही. नेपाळी रुपया १९९३ पासून आपल्या रुपयाला बांधलेला आहे, आपले १०० म्हणजे त्यांचे १६०. ऑस्ट्रेलियन डॉलरपुढे आपला रुपया घसरला की चितवनच्या बापाला फीसाठी काढावं लागणारं कर्जही तेवढंच फुगतं. स्टुडंट व्हिसाची नुसती अर्ज-फी २०२४ च्या मध्यापर्यंत ७१० डॉलर होती, जुलै २०२५ पासून २,००० झाली. नाकारला तरी परत नाही. म्हणून उगाच_कशाला यांचा 'दोन वर्षांत निघा' हा सल्ला कागदावर शहाणा आहे. जमीन गहाण टाकून आलेल्याला तो परवडत नाही. तो निघत नाही, दुसरा कुठला तरी मार्ग शोधतो. आधी निदान दुसऱ्या कोर्सला नाव घालता यायचं, आता टीआरवर असताना इथे बसून स्टुडंट व्हिसाही मागता येत नाही.

रोखठोक_रत्नागिरी:
मग हा प्रश्न नेपाळच्या कर्जाचा आणि नोकऱ्यांचा झाला. परदेशातून येणारा पैसा त्यांच्या जीडीपीच्या पाव हिश्श्याच्या आसपास. सप्टेंबर २०२५ ला तिथली पोरं रस्त्यावर उतरली, सरकार पडलं, त्यामागे हाही राग होता. शिकलेलं पोरगं ऑस्ट्रेलियाने तीन वर्षं ठेवून घेतलं तर नेपाळ सुधारणार आहे का? आणि एक आठवण, १९५० च्या तहामुळे नेपाळी माणूस भारतात कुठलाही व्हिसा न काढता नोकरी करू शकतो. पुण्यात शिकला तर टीआर-बिआर काही नको.

पशुपती_ते_पुणे:
करू शकतो आणि करतोही. पुण्या-मुंबईच्या हॉटेलांच्या भटारखान्यात बघा. पण आपलीच पोरं मास्टर्ससाठी सिडनी गाठताहेत, तर त्याने कोथरूडला का थांबायचं?

उगाच_कशाला:
हे बाकी खरं. पण सातारकर, सिडनीच्या बाहेर का बघत नाही तुमची ती सहकारी? हे सिडनी, मेलबर्न, ब्रिस्बेन या तीन महानगरांतले नियम झाले. ॲडलेड, होबार्टसारख्या ठिकाणी शिकून तिथेच राहिलं तर दुसरा टीआर मिळतो, आणि त्याला पासपोर्ट आडवा येत नाही. नेपाळ्यांनी हे कधीच ओळखलंय. २०२१ च्या जनगणनेत टास्मानियात घरी बोलल्या जाणाऱ्या भाषांत इंग्रजी आणि मँडरिननंतर नेपाळी होती.

सिडनीवासी_सातारकर:
ती सिडनीत शिकली, तिला आता ते लागू नाही. तीन वर्षांची मागणी तुम्हाला जड वाटते तर निदान एवढं तरी माना: ज्या दिवशी स्टुडंट व्हिसा दिला, त्या दिवशीचा नियम पदवीनंतरही लागू राहावा. ती आली तेव्हा मास्टर्सला तीन वर्षं होती. ते बघून घरच्यांनी पैसे उभे केले.

रोखठोक_रत्नागिरी:
हे मान्य. खेळ सुरू झाल्यावर नियम बदलू नयेत, मग पासपोर्ट कुठलाही असो. पण भारतीयांचं तिसरं वर्ष सगळ्यांना वाटायला निघालात तर पुढच्या करारात आपण टेबलावर बसून मागायचं काय?

मेलबर्नची_सिस्टर:
भारतातल्या नर्सिंग पदवीची थेट नोंदणी मागा. ती मिळाली तर माझी भाची इथे पुन्हा फी भरायला येणार नाही.