दिवसाला सहा पदार्थ, धान्य मात्र एकच : लहानग्यांच्या ताटाविषयी आयांचे अनुभव

मूल एक ते तीन वर्षांचे असताना ‘हे द्यावेच’ आणि ‘हे देऊच नये’ असे आपण काय मानत होतो, ते मनात कोणी रुजवले आणि पुढे ते बदलले का, हे मोकळेपणाने लिहावे, असे आवाहन मैत्रिणींना केले होते. सुरुवात माझ्यापासूनच करते.

मुलगी दीड वर्षाची असताना बालरोगतज्ज्ञांनी तिच्या खाण्यात विविधता आहे का, असे विचारले, तेव्हा मी मोठ्या अभिमानाने ‘भरपूर आहे’ असे उत्तर दिले होते. त्यांनी तीन दिवसांचे खाणे लिहून आणायला सांगितले. सकाळी शेवयांची खीर, मग उपमा, दुपारी वरणात कुस्करलेली पोळी, चार वाजता बिस्किटे, संध्याकाळी शिरा, रात्री पुन्हा दूध-पोळी. डॉक्टरांनी एकेका पदार्थाखाली पेनाने रेघ मारली आणि हा सगळा गहूच आहे, असे शांतपणे सांगितले. मी पदार्थ मोजत होते, ते जिन्नस मोजत होते. सहा महिने ते दोन वर्षांच्या मुलांसाठी जागतिक आरोग्य संघटना आणि युनिसेफ आहाराचे 8 गट धरतात : आईचे दूध, धान्ये व कंद, डाळी-कडधान्ये व दाणे, दूधदुभते, मांस-मासे, अंडी, अ-जीवनसत्त्व असलेली फळे-भाज्या आणि इतर फळे-भाज्या. दिवसभरात यांपैकी किमान 5 गट पोटात जावेत, अशी अपेक्षा असते. अंगावरचे दूध सुटलेल्या माझ्या लेकीचे जेमतेम 3 भरत होते. शिवाय ‘दूध म्हणजे पूर्णान्न’ हे आमच्या घरातले ब्रीद असल्यामुळे ती दिवसाला जवळजवळ पाऊण लिटर दूध पीत असे. गाईच्या दुधात लोह फारच थोडे असते आणि दुधाने पोट भरल्यावर मूल इतर काही खात नाही, हे मला तिच्या रक्ताचा अहवाल हातात आल्यावर कळले.

मालवणहून एक आई लिहितात :
माझे माहेर पुण्याचे आणि शाकाहारी, त्यामुळे मुलाला मासे देण्याच्या कल्पनेनेच माझ्या छातीत धडधडत असे. सासूबाई मात्र त्याच्या उष्टावणानंतर काही महिन्यांतच उकडलेल्या बांगड्याचा घास दोन बोटांनी तीन-तीनदा चाचपून, काटा नसल्याची खात्री करून, मऊ भातात कालवून भरवू लागल्या. मी आक्षेप घेतला, तेव्हा त्या एवढेच म्हणाल्या, “तू बघू नको गो, तू आत जा.” गंमत अशी की याच सासूबाई पावसाळ्यात त्याला केळे आणि दही यांच्या वाऱ्यालाही उभे करत नसत, कारण ती ‘थंड’, आणि पपई ‘उष्ण’ म्हणून वर्ज्य. माझी भीती काट्याची होती, त्यांची सर्दीची. दोघींच्या भीतीची बेरीज केली असती, तर मुलाच्या ताटात पेजेशिवाय काही उरले नसते.

जव्हार परिसरातल्या एक अंगणवाडी सेविका :
अमृत आहार योजनेत आमच्याकडे मुलांसाठी अंडी किंवा केळी येतात. सुरुवातीला दीड-दोन वर्षांच्या मुलांच्या आया अंडे पदरात बांधून घरी नेत आणि थोरल्याला देत. सगळे दात आल्याशिवाय अंडे पचत नाही, असे त्या ठामपणे सांगत. मी वाद घातला नाही. एका मुलीसाठी अंडे कुस्करून नागलीच्या पेजेत मिसळले आणि तिच्या आजीलाच भरवायला बसवले. आजीने मान हलवली, तेव्हा बाकीच्यांनीही घेतले. घरात काय आहे, याइतकाच आजीचा होकारही महत्त्वाचा असतो, असे मला वाटते.

मेलबर्नहून :
माझ्या मोठ्या चुलतबहिणीला 2003 च्या सुमारास अमेरिकेत मिळालेला सल्ला, अर्थात ॲलर्जीचा धोका असलेल्या मुलाला तीन वर्षांपर्यंत शेंगदाणा न देण्याचा, मी प्रमाण मानून बसले होते. तो सल्ला तिथल्या बालरोगतज्ज्ञांनी 2008 मध्येच मागे घेतला होता. 2015 साली प्रसिद्ध झालेल्या एका ब्रिटिश संशोधनात तर असे दिसले की धोका असलेल्या बाळांना लवकर शेंगदाणा दिल्यास ॲलर्जीचे प्रमाण बरेच घटते. इथल्या परिचारिकेने वर्षाच्या आत शेंगदाणा सुरू करायला सांगितले, तेव्हा मी आईला फोन केला. जळगावची माझी आई म्हणाली, “अगं, तुला तर मी कूट घालूनच भाजी भरवत होते.” अख्खा दाणा मात्र आम्ही आजही देत नाही, कारण तो घशात अडकतो.

नागपूरहून, नोकरी करणाऱ्या एक आई :
गट मोजण्याची चर्चा वाचून मला प्रामाणिकपणे थोडा राग आला. दिवसभर मूल आजीकडे असते, रात्री आठला मी घरी येते आणि मग त्या वाटीचा हिशेब माझ्याकडूनच मागितला जातो. माझी समजूत साधी होती : तिने लाल भोपळा दोनदा थुंकला, म्हणजे तिला तो आवडत नाही, विषय संपला. नवा पदार्थ आठ-दहा वेळा, जबरदस्ती न करता, समोर ठेवावा लागतो, असे डॉक्टरांनी सांगितल्यावर मी हट्टाने महिनाभर तो शिजवत राहिले आणि बहुतेक वेळा स्वतःच खाल्ला. एके रात्री तिने माझ्या ताटातली फोड उचलून तोंडात घातली. तिच्या वाटीतली मात्र तशीच होती.