मदत हवी आहे: अ‍ॅड नाही, कमिट नाही, तरी सेशन मधेच डेटाबेसात लिहायला जातंय

नमस्कार मंडळी, सांगलीतनं लिहितोय. मार्केट यार्डातल्या एका आडत दुकानाचं हळदीच्या हिशेबाचं सॉफ्टवेअर मी एकट्यानं केलंय, पायथन, एसक्यूएलअल्केमी २.० (पायथनमधनं डेटाबेसशी बोलणारी लायब्ररी, ते काम तिचं सेशन सांभाळतं) आणि पोस्टग्रेस डेटाबेस, दोन काउंटर, दोन पीसी. सौदा झाला की दिवाणजी चिठ्ठीवरनं लॉट भरतात, हमाली-तोलाई-उचल वजा होऊन शेतकऱ्याची पट्टी, म्हणजे हिशेबाचा कागद, निघते. चार महिने निवांत चाललं होतं.

आधी हमालीचे दर कोडमध्येच लिहिलेले होते, ते बदलले म्हणून मी त्यांचं वेगळं टेबल केलं, आणि तिथनं सगळं बिघडलं. म्हणजे मी लॉटचा ऑब्जेक्ट बनवतो, शेतकरी.लॉट्स मध्ये अपेंड करतो, मग हमालीचा दर क्वेरी करून आणतो, आणि सौद्याचा दर त्याच्या खालच्या ओळीत भरतो. तर एरर येतो की लॉट टेबलात दर हा कॉलम नल (रिकामा) आहे, चालणार नाही. आणि ओळ दाखवतो हमालीच्या सिलेक्टची! अरे मी नुसतं वाचतोय, लिहितोय कुठं? दोन दिवस हमालीचं टेबलच तपासत बसलो. आणि एकदा हा एरर आला की पुढची प्रत्येक क्वेरी आधी रोलबॅक कर (अर्धवट काम मागं घे) म्हणून ओरडते.

नेटवर बघून सेशन जिथं बनतं त्या सेशनमेकरला ऑटोफ्लश (आपोआप लिहिणं) फॉल्स केलं. एरर गेला, पण पट्टीची बेरीज शेवटच्या लॉटएवढी कमी यायला लागली. एका शेतकऱ्यानं पट्टी हातात घेऊन बोटावर हिशेब करून दाखवला, लई लाज वाटली. आता ऑटोफ्लश चालू ठेवू का बंद, नक्की कधी लिहायचं हे माझ्या हातात कसं येईल?

प्रतिसाद:
भावा, एरर पूर्ण वाचला नाहीस का, त्यात ऑटोफ्लशचं नाव घेऊन नो_ऑटोफ्लश वापरून बघ असं चक्क लिहिलेलं असतं. अ‍ॅड केलं नाही म्हणतोस पण अपेंड केलंस ना, शेतकरी आधीच सेशनमध्ये आहे, त्याच्या यादीत लॉट घातला की कॅस्केडनं तो पण आत. मग पुढची कुठलीही क्वेरी निघायच्या आधी सेशन हातातलं सगळं बाकी काम डेटाबेसला पाठवतं (हाच फ्लश), म्हणजे क्वेरीला ताजं उत्तर मिळावं. तुझा लॉट तेव्हा अर्धवट होता, दर नव्हता, म्हणून आपटला.

ग्लोबल बंद करू नकोस. तुझी बेरीज त्यामुळंच चुकली, कारण शेवटचा लॉट डेटाबेसात पोचलेलाच नव्हता. सगळ्यात सोपं म्हणजे हमालीचा दर आधी आण, लॉट पूर्ण भर, अपेंड सगळ्यात शेवटी. क्रम बदलता येत नसेल तर तेवढीच क्वेरी विथ सेशन.नो_ऑटोफ्लश च्या आत टाक.

प्रतिसाद:
वरच्यांशी सहमत. फक्त फ्लश आणि कमिट एक समजू नका. फ्लश म्हणजे दिवाणजींनी वहीत पेन्सिलीनं लिहिलं, कमिट म्हणजे शाई. फ्लश झालेलं रोलबॅकनं पुसतं आणि कमिट होईपर्यंत दुसऱ्या काउंटरला दिसत पण नाही. आणि कमिट स्वतःच आधी फ्लश करतं, ऑटोफ्लश बंद असला तरी.

एक विचारतो, फॉर्म उघडल्यापासनं पट्टी छापेपर्यंत एकच ट्रान्झॅक्शन (कमिट होईपर्यंतचं एकत्र काम) चालू असतं का?

धागाकर्ता:
हो, एकच. का? आणि खरं सांगायचं तर दुसरा काउंटर अधनंमधनं अडकतो, मी नेटवर्कला शिव्या देत होतो.

प्रतिसाद:
अडकणारच. दिवसाच्या एकूण आवकेची एकच रो दोन्ही काउंटर अपडेट करत असणार. पहिल्याचा अपडेट फ्लश झाला की ती रो लॉक, आणि इकडं शेतकरी उचलीवरनं वाद घालत चहा पितोय तोवर दुसरा काउंटर थांबून. माणूस विचार करत असताना ट्रान्झॅक्शन उघडं ठेवू नका, फॉर्मची माहिती साध्या व्हेरिएबलमध्ये धरा, सेव्ह दाबल्यावरच सेशन उघडा, लिहा, कमिट, बंद. एको ट्रू (डेटाबेसला जाणारी प्रत्येक आज्ञा दाखवणारी सेटिंग) करून लॉग बघा, इन्सर्ट कुठं निघतो ते डोळ्यांनी दिसेल.

धागाकर्ता:
केलं! हमालीची क्वेरी वर नेली, ऑटोफ्लश परत चालू, बेरजेच्या आधी एक सेशन.फ्लश() मुद्दाम लिहिलं, खरं तर गरज नाही पण वाचणाऱ्याला कळावं म्हणून. आज दिवसभर काउंटर अडकला नाही. आता मालक विचारतायत लॉट नंबर ४१६ नंतर एकदम ४१८ कसा, ४१७ चा माल गेला कुठं.

प्रतिसाद:
माल कुठं गेला नाही, फ्लश झाला तेव्हा पोस्टग्रेसनं सीक्वेन्समधनं (आयडीचे नंबर देणारी सोय) नंबर दिला आणि नंतर रोलबॅक झालं, सीक्वेन्स मागं फिरत नाही. सलग नंबर पाहिजे तर लॉटचा नंबर वेगळ्या कॉलमात ठेव, आणि तो कमिटच्या अगदी आधी, त्याच ट्रान्झॅक्शनमध्ये दे. आयडीवर हिशेब लावू नकोस.

धागाकर्ता:
बरं. तोवर मालकांना ४१७ चं काय सांगायचं ते बघतो.