'थर्ड पार्टी इमेज'ला त्रयस्थ म्हणावं की तिऱ्हाईत?

टिळकवाडी: संकेतस्थळावर मराठी आणि कन्नड सूचना लावायची आहे: सभासदांनी जोडलेली, दुसऱ्या सर्व्हरवरची चित्रं यापुढे प्रॉक्सीमार्फत (आपल्या मधल्या सर्व्हरमार्फत) एचटीटीपीएसने (सुरक्षित, कूटबद्ध जोडणीने) येतील. कन्नडवाल्यांनी 'मूरने व्यक्ती' लिहून विषय संपवला. माझं 'त्रयस्थ चित्रे' मात्र 'तिऱ्हाईत' करा म्हणून परत आलं. बरोबर कुठलं?

खानापूर: तिऱ्हाईत. त्रयस्थ कुणाचीच बाजू घेत नाही. चित्राचा सर्व्हर कसला त्रयस्थ? चित्र थेट जोडलं की वाचकाचा आयपी पत्ता, ब्राउझर, बऱ्याचदा तो कुठल्या साइटवरून आला तेही त्याच्या लॉगमध्ये पडतं.

निपाणी: पण तिऱ्हाईत माणूस असतो, चित्र नव्हे. विमासुद्धा सगळे 'थर्ड पार्टी'च म्हणतात की. 'बाहेरची चित्रं' लिहा.

शहापूर: ते चालेल. माझी हरकत 'प्रॉक्सी'ला. 'मुखत्यार' लिहा, वटमुखत्यारपत्र सगळ्यांना ठाऊक आहे.

खानापूर: मुखत्यार धन्याचं नाव सांगून सही करतो. इथं वाचकाचं नाव झाकायचंय, कुकी (ब्राउझरमध्ये ठेवलेली ओळखीची नोंद) आणि रेफरर (वाचक कुठल्या साइटवरून आला ते) पुढे जाऊच द्यायचे नाहीत. त्यापेक्षा रविवार पेठेतला अडत्या जवळचा, माल कुणासाठी घेतोय ते बोलत नाही.

वडगाव: मुखत्यार अरबी, प्रॉक्सी इंग्रजी. 'प्रतिनिधी' असताना ही उसनवारी कशाला?

निपाणी: 'सर्व्हर' चालतो आणि 'प्रॉक्सी'लाच सोवळं?

चिकोडी: नाव काहीही ठेवा, पण पत्त्यावर सही पाहिजे. चित्राच्या मूळ पत्त्याचा एचएमॅक (किल्लीशिवाय बनवता न येणारी पडताळणीची खूण) गुप्त किल्लीने काढून नव्या पत्त्यात घाला, जुळला नाही तर ४०४ ('सापडलं नाही') द्या. नाहीतर कुणीही आपला माल तुमच्या सर्व्हरमधून फुकट वाहून नेईल. गिटहब या कोड ठेवायच्या साइटचा कॅमो हा चित्रांचा प्रॉक्सी असाच चालतो. त्यात मुळातच ५ एमबी, ४ रीडायरेक्ट (एका पत्त्यावरून दुसऱ्यावर पाठवणी) आणि १० सेकंदांची मर्यादा आहे. १२७.०.०.१, १०., १९२.१६८. असे आतले पत्ते अडवा, आणि दर रीडायरेक्टला पुन्हा तपासा. पहिला पत्ता साळसूद असतो, दुसरा तुमच्याच राउटरवर नेतो.

टिळकवाडी: एसव्हीजी प्रकारची चित्रं चालतील?

चिकोडी: नको. त्यात स्क्रिप्ट बसते. इमेज टॅगमध्ये ती गप्प राहते, पण फाइलचा पत्ता थेट उघडला की चालू होते. कंटेंट-टाइप (सर्व्हरनं सांगितलेला फाइलचा प्रकार) पाहून जेपेग, पीएनजी, गिफ, वेबपी एवढंच सोडा, ब्राउझरनं प्रकार स्वतः ताडू नये म्हणून नोस्निफ हेडर लावा आणि प्रॉक्सी वेगळ्या डोमेनवर ठेवा.

शहापूर: एवढा खटाटोप कशाला? सीएसपीत (साइट ब्राउझरला देते त्या सुरक्षेच्या नियमांत) 'अपग्रेड-इनसिक्युअर-रिक्वेस्ट्स' लिहिलं की झालं.

चिकोडी: त्यानं फक्त एचटीटीपीच्या जागी एचटीटीपीएसने मागणी होते. पलीकडच्या सर्व्हरकडे धड प्रमाणपत्र नसलं की चित्राची चौकट रिकामी. शिवाय वाचकाचा आयपी जातोच.

वडगाव: 'सर्टिफिकेट'ला बिनतक्रार प्रमाणपत्र म्हणताय. मग प्रतिनिधीनं काय घोडं मारलंय?